कापड परत करावे

४ फेब्रुवारी, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या मुलीचा वाढदिवस परवा झाला आणि माझं कापड अजून परत आलेलं नाही!

रंगपेटी दिली होती. कागदात नाही – चमकीचा कागद मी वर्षभर घरात येऊ दिलेला नाही – कापडात बांधून. वर टाचणीनं चिठ्ठी: कापड परत करावे. मुलगी सात वर्षांची. तिनं पुडकं हातात घेतलं आणि चिकटपट्टीवर मी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "रंगपेटी, एक." मग आईकडे बघितलं आणि न उघडताच बाजूला ठेवून दिलं. बरोबरच आहे. आत काय आहे ते कळल्यावर उघडायचं कशाला?

हॉस्पिटलात हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या खात्यातली एकतीस वर्षांची सवय. ऑपरेशनच्या हत्यारांचं पुडकं बांधलं की आत काय, किती, कधी बांधलं, कोणी बांधलं, सगळं वर लिहायचं. न लिहिलेलं पुडकं कोणी हातात धरत नाही. आता हात आपोआप लिहितो. रंगपेटीवर वापरण्याची मुदत घातली नाही, हे त्यातल्या त्यात नशीब.

हे म्हणाले, "पुढच्या वेळी किंमतही लिही. काहीच गुपित नको."

५ फेब्रुवारी, बुधवार

कापड नाही. बेल दोनदा वाजली. दोन्ही वेळा हेच, किल्ली विसरलेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज इमारतीतल्या बायकांना कापडात भेटवस्तू बांधण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. अकरा जणी येणार होत्या. चार आल्या, त्यातली एक पाण्याच्या टाकीची मीटिंग समजून. तरी मी काही कमी बोलले नाही. चमकीच्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, तो आपल्यानंतर कितीतरी वर्षं तसाच राहतो, आणि तुमच्या घरातली जुनी चादर मात्र कपाटात कुजते आहे, वगैरे. हे कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. गाडी शिकवणारा माणूस. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून असतो. मी बोलायला लागले की घरातही ह्यांचा पाय फरशीवर दाबला जातो. आज चांगला अर्धा तास दाबलेला होता.

टाकीवाल्या बाईंनी विचारलं, ही आवड तुम्हाला कशी लागली? मी चेहरा गंभीर करून म्हटलं, "पृथ्वीसाठी."

इथं तरी खरं लिहावं. पृथ्वीसाठी नाही. रागापोटी!

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. हॉस्पिटलनं कापड बंद केलं आणि निळ्या पातळ शीट आणल्या – एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. त्या कशा गुंडाळायच्या हे शिकवायला कंपनीनं चोवीस वर्षांची एक मुलगी पाठवली. तिनं माझा हात धरून मला दाखवलं – "मॅडम, हा कोपरा असा आत घ्यायचा." मला! ज्या बाईनं अख्ख्या खात्याला कोपरे शिकवले तिला! मी "हो का" म्हणाले. गोड हसलेही. घरी आले आणि जाहीर केलं, की आजपासून या घरात एकदा वापरून फेकायची कोणतीही वस्तू येणार नाही. पृथ्वीची आठवण त्यानंतर चार दिवसांनी झाली. ती पुरवणी आहे.

जुनी हिरवी कापडं भंगारात चालली होती. मी रीतसर अर्ज करून मागून घेतली. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात. मी चाळीस फडकी घेऊन आले.

९ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस. सत्तावन्नावा.

चौदा महिने झाले, आम्ही बोललेलो नाही. माझ्या निवृत्तीनिमित्त घरी पंचवीस माणसं जमली होती. धाकटी मोठं खोकं घेऊन आली. सोनेरी कागद, त्यावर प्लास्टिकची फुलं, रिबिनीचे वेटोळे. आणि मी – ताजी ताजी बाटलेली – ते खोकं सगळ्यांसमोर टेबलावर उभं केलं आणि म्हणाले, "बघा, नेमकं हेच आपण करायचं नाही." उदाहरण म्हणून! पाच मिनिटं बोलले. धाकटी ऐकत उभी होती. शाळेत खेळ शिकवते ती, पाठ नेहमी ताठ. माझं संपल्यावर म्हणाली, "तीन तास लागले होते मला," आणि चपला घालून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

आत काय आहे ते मी पाहुणे गेल्यावर पाहिलं. वाफेची इस्त्री. मी आयुष्यभर वाफेत काम केलं म्हणून निवडली असणार. त्याच इस्त्रीनं मी रोज माझी पृथ्वी वाचवणारी कापडं इस्त्री करते. लाज वाटते, पण इस्त्री फार छान आहे.

मी फोन केला नाही. मी मोठी, तिनं करावा. ती करत नाही, कारण चूक माझी आहे. दोघींचं म्हणणं बरोबर आहे, त्यामुळे चौदा महिने झाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाचीचा फोन. धाकटीची लेक आमच्या दोघींच्या मधली सरहद्द सांभाळते बिचारी. सहज विचारल्यासारखं करून आईबद्दल विचारलं. तर म्हणे आईनं शाळेतून लांबलचक रजा घेतली आहे. गुडघा दुखतो म्हणते, जिने नको म्हणते, घरीच असते.

गुडघा! आयुष्यात कधी दुखला नाही. माझ्यावर रुसून बसायलाही आता रजा काढायला लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेडिओ घेतला. छोटा, करड्या रंगाचा, मुठीएवढा स्पीकर पण आवाज खणखणीत. धाकटीला मॅचचं वर्णन ऐकायला आवडतं. बघायला नाही, ऐकायला. लहानपणी एका अंथरुणात झोपायचो तेव्हा माझ्या कानापाशी ते चालू असायचं. मला खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण कोण बाद झालं हे मला नेहमी माहीत असायचं.

आता बांधायचा प्रश्न.

आधी सुंदर करायचं ठरवलं. पडद्याचं फुलाफुलांचं कापड उरलं होतं. व्हिडिओत एक पोरगी दोन झटक्यांत वर कमळ फुलवते. माझं झालं ते कानाला फडकं बांधलेल्या दाढदुखीच्या माणसासारखं. तीनदा सोडलं, तीनदा बांधलं. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "पिशवीत घालून दे की सरळ."

मग हिरवं काढलं. चाळीसातलं सगळ्यात चांगलं. खात्यात आम्ही प्रत्येक कापड दिव्याच्या टेबलावर पसरून बघायचो, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी बाजूला. मी ट्यूबलाइटसमोर धरून इंच इंच पाहिलं. एक भोक नाही. इस्त्री केली. टेबलावर तिरकं पसरलं, मध्ये रेडिओ, आणि मग माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. जवळचा कोपरा वर, टोक मागे दुमडून. डावा. उजवा. शेवटचा आत खोचून, उघडताना धरायला शेपूट बाहेर. त्यावर दुसरं कापड, तस्संच. चाळीस सेकंद. कडा अशा बसल्या की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत आलं नसतं, हे मान्य आहे.

चिकटपट्टी लावली. "रेडिओ, एक" लिहिलं. फाडलं. नुसती तारीख आणि माझी सही ठेवली. शिकले म्हणायची मी!

चिठ्ठी मात्र टाचली. कापड परत करावे. हे म्हणाले, "वाढदिवसालाही?"

वाढदिवसालाच. कागद फाडून टाकता येतो. कापडाचं काय करणार? ते परत द्यावं लागतं. परत द्यायला यावं लागतं. आल्यावर आत या म्हणता येतं. मला दुसरं काही सुचत नाही आणि सरळ फोन करायला जीभ उचलत नाही. म्हणून हा उपद्व्याप. खरं तर सगळ्यांनाच मी ती चिठ्ठी का लावते, हे आता माझ्या लक्षात येतंय. निवृत्त झाल्यापासून या घरी कोणी कारणाशिवाय येत नाही, म्हणून मी कारणं वाटत सुटले आहे. चार बायकांना व्याख्यान पृथ्वीचं!

१५ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी जाता जाता धाकटीकडे पुडकं दिलं. शिकाऊ माणसाला मुद्दाम त्या रस्त्यानं गाडी चालवायला लावली. दार भाचीनं उघडलं. धाकटी आत होती, बाहेर आली नाही.

"पुडकं कुठं ठेवलं?"

"हातात दिलं."

"मग तिनं कुठं ठेवलं?"

ह्यांनी फरशीवर पाय दाबला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात ते रात्री नऊ फोन माझ्या शेजारी. अंघोळीला नेला. दुपारी ह्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर फोन करून पाहिला. वाजतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाचीचा फोन आला. आवाज पडलेला. पुडकं तिनं आईसमोर ठेवलं, तर आई बघतच राहिली. हात लावला नाही. पांढरी पडली म्हणे. मग म्हणाली, "तुझ्या मावशीनं हे मुद्दाम पाठवलंय," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुडकं टेबलावर तसंच पडून आहे, कोणी उघडलेलं नाही. भाचीनं विचारलं, "मावशी, आत आहे तरी काय?"

रेडिओ आहे गं बाई, रेडिओ!

चिठ्ठी नडली. वाढदिवसाची भेट आणि वर फडकं परत मागते आहे! चौदा महिन्यांनी बहिणीचे पहिले शब्द काय, तर कापड परत करावे. कोणालाही वाटेल मुद्दाम टोमणा मारला. मला स्वतःला कोणी असं पाठवलं असतं तर मी आणखी चौदा महिने काढले असते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस मेसेज लिहिते आणि खोडते. शेवटी पाठवलेला: "कापड परत नको. ठेव." पाठवल्यावर वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. इतका तुसडा मेसेज मी ठरवून लिहिला असता तर जमला नसता. घाईनं दुसरा पाठवला: "म्हणजे प्रेमानं ठेव." तो पहिल्यापेक्षा वाईट आहे.

दोन्ही वाचले गेले. उत्तर नाही.

ह्यांना दाखवले. चष्मा लावून दोनदा वाचले. म्हणाले, "तू बांधतेस चांगलं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दंतवैद्य स्वतः वर आले, रंगपेटीचं कापड द्यायला. धुऊन, घडी घालून. वाढदिवसाला ते परगावी होते. मुलीनं पुडकं उघडलंच नव्हतं, ते बायकोनं खाली दवाखान्यात यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि सांगायला विसरली.

"काकू, सकाळी आलो, टेबलावर हे पुडकं," म्हणाले, "आणि मी आधी जाऊन हात धुतले."

मी हसले. मग ते सांगत गेले तसं हसू थांबलं. वर काय लिहिलंय ते न वाचताच त्यांनी म्हणे टोक चिमटीत धरून एकेक कोपरा बाहेरून सोडला, आतल्या बाजूला बोट लागू न देता, अगदी शिकवल्याबरहुकूम. आत रंगपेटी! बायको दारात उभी राहून पोट धरून हसत होती. "हिरवं कापड, दोन थर, शेपटाची घडी, वर तारीख आणि सही. काकू, ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल टाकलेल्या कोणालाही हे बघून धडकीच भरेल."

मी चहा केला. चहात साखर दोनदा टाकली. त्यांनी प्यायला, दाताचे डॉक्टर असून.

ते गेल्यावर घरातली सगळी पुडकी काढून टेबलावर मांडली. कोणाकोणाला द्यायची म्हणून आधीच बांधून ठेवलेली सात. एका ओळीत सात हिरवी पुडकी, वर तारखा, खाली सह्या. आता फक्त पेशंट आणायचा राहिला होता! आणि मला वर्षभर वाटत होतं की लोक माझी कलाकुसर पाहून गप्प होतात.

ह्यांना विचारलं, तुम्हाला दिसत नव्हतं का हे? म्हणाले, "मला वाटलं तुझी तीच कल्पना आहे."

म्हणजे धाकटीला मी वाढदिवसाला ऑपरेशन पाठवलं. त्या धाकटीला! हॉस्पिटलचा वास आला तरी ती रस्ता बदलते. एकतीस वर्षांत मला भेटायला आली ती गेटपर्यंत. आत कधी नाही. माझा डबा वॉचमनकडे देऊन पळायची. म्हणून पांढरी पडली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. तिला वाटलं, मी तिला घाबरवायला पाठवलं. मुद्दाम.

वाईट याचं वाटतं, की मला खरंच चांगलं बांधायचं होतं. मला येतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं. मला दुसरं काही येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सातही पुडकी सोडली. फुलाफुलांच्या पडद्यात पुन्हा बांधली. दाढदुखीची सात माणसं.

दुपारी धाकटीकडे जायला निघाले. बसमध्ये वाक्य पाठ केलं – माझं चुकलं, तेव्हाही आणि आत्ताही, मला तुझ्याशी बोलायचं आहे. एवढंच. तीन तुकडे, अवघड काही नाही. एकतीस वर्षं सर्जनच्या शिव्या ऐकलेली बाई मी. तिच्या इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. खिडकीत दिवा होता. औषधाच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना कापूस घेतला. मग परत आले.

ह्यांनी कापसाकडे पाहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. भाचीनं उचलला. आई झोपली आहे म्हणाली. सकाळी अकराला! मी म्हटलं, उठली की सांग, मावशीचं चुकलं म्हणाली. कागदावर लिहून घे, विसरशील. तिनं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला अगदी सोपं वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी आली. एकटी. प्रत्येक मजल्यावर थांबत, जिन्याच्या कठड्याला धरून. गुडघा नाही. हृदयाची झडप खराब झाली आहे. पुढच्या गुरुवारी माझ्याच हॉस्पिटलात ऑपरेशन. पाच आठवडे एकटीनं पोटात ठेवलं होतं, लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं मला तिथल्या कोणाकडून तरी कळलं, म्हणून मी तसं बांधून पाठवलं.

"आधी फार राग आला," म्हणाली. "मग वाटलं, एकीला तरी माहीत आहे. ताई, मी आत एकटी नाही जाऊ शकत."

मला काही माहीत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. थिएटरच्या दारापर्यंत मी आहे म्हटलं, आणि दाराच्या आतली माणसंही माझीच आहेत.